काबूलच्या हिवाळ्यातला कौल

रत्नागिरी जिल्ह्यातला माणूस पोटासाठी घर सोडतो तेव्हा बहुधा मुंबईला जातो. तिथून काही जण आगबोटीवर चढतात. आम्ही चौघे काबूलला गेलो. ते का, हे गावी कोणाला समजावून सांगणे कठीण जाई. दाभोळच्या खाडीवरचा एक तांडेल बरीच वर्षे आगबोटीच्या इंजिनखोलीत आगवाल्यांवर मुकादम होता. त्याच्या बोटीवरचा इंग्रज इंजिनियर काबूलच्या एका सरकारी कारखान्यात नोकरीला लागला. तिथे बॉयलर होते, पण ते रात्रंदिवस सांभाळणारी माणसे कमी होती. त्याने तांडेलाला बोलावणे धाडले आणि तांडेलाने आपल्याबरोबर आणखी तिघांना घेतले.

एक सावर्ड्याचा फिटर. मुंबईच्या गिरणीत शिकलेला, बोलण्यात तिखट. दुसरा खेड तालुक्यातल्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावचा शेतकरी, जो काही वर्षे मुंबईत बॉयलरवर कोळसा मारीत होता. तिसरा मी. रत्नागिरीच्या एका साप्ताहिकात मी बातम्या लिहीत आणि मुद्रिते तपासत असे. साप्ताहिक बंद पडले होते. कारखान्याला सुटे भाग मागवण्याच्या इंग्रजी पत्रव्यवहारासाठी कारकून हवा होता, म्हणून माझी वर्णी लागली. ही गोष्ट एकोणीसशे तीस सालानंतरची आहे.

काबूल डोंगरांच्या वाटीत बसलेले आहे. कोणत्याही गल्लीतून मान वर केली की डोंगर दिसे, तपकिरी आणि उघडा, झाडाचे नाव नाही. आमच्याकडचा डोंगर पावसात हिरवा असतो आणि नंतर गवताने पिवळा. हा कोणी सोलून ठेवल्यासारखा होता. खेडचा गडी पहिल्या दिवशी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ह्यांची गुरं चरतात कुटं?" एका डोंगरावरून रोज दुपारी तोफ उडे. तिच्यावर लोक घड्याळे लावीत, दुकानदार जेवायला उठत. आमची जेवणाची वेळ तेव्हा नसे.

शोरबाजार भागात हिंदूंची जुनी वस्ती होती. तिथल्या एका कापडवाल्याच्या घरात माडीवरची खोली आम्हाला मिळाली. घरमालक काबूलचाच, पिढ्यान्‌पिढ्यांचा. आमच्याशी तो तुटक हिंदुस्तानी बोले. आम्ही त्याचे धर्मबंधू होतो तरी त्याला परकेच होतो, आणि शहराला तर होतोच. रस्त्यावर पोरे आम्हाला बघून 'हिंदी, हिंदी' म्हणत मागे येत. त्यात वाईट काही नसे, कौतुकही नसे. अंगणात अनोळखी कोंबडा आला तर त्याला जसे बघतात तसे ते बघत. ठरावीक मुदतीने कोतवालीत हजेरी द्यावी लागे. तिथला अधिकारी आमची तोंडे निरखी आणि दर वेळी तेच विचारी: कुठले, काय काम, परत कधी जाणार. शेवटच्या प्रश्नाला तांडेल म्हणे, "काम संपलं की." कोतवालीतून बाहेर पडल्यावर फिटर म्हणे, "तांडेल, काम कधी संपतं हो?"

बाजार, दुकान, गरम, सर्द, हमाल, कारखाना हे शब्द तिथेही तेच होते. पण वाक्य जोडता येत नसे. फिटर नुसते शब्द फेकी आणि मधल्या जागा हातांनी भरी. त्याला हवे ते मिळे. मी मनात वाक्य जुळवी तोवर दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असे.

कामाचे फार सांगण्यासारखे नाही. कोळसा दुर्मिळ असल्याने बॉयलर लाकडावर चाले. लाकूड उंटांवरून येई, बहुतेकदा ओले. ओल्या लाकडाचा धूर भट्टीच्या तोंडातून परत बाहेर येतो आणि तो आगवाल्याच्या छातीत जातो. तांडेल आणि खेडचा पाळीपाळीने भट्टीवर असत. खेडचा सांगे, "मास्तर, पुडून भाजतंय आनि मागनं गोटतंय. मदी मी." मला ते मास्तर म्हणत, कारण मला वाचता येई. पाळी सुटली की घामेजलेल्या अंगाने तो बर्फाळ वाऱ्यात बाहेर पडे आणि खोलीवर येईपर्यंत त्याच्या अंगरख्याची पाठ कडक झालेली असे.

हिवाळ्यात त्या शहरात घराघरांत संदली असते. बुटक्या चौरंगाखाली निखाऱ्यांची शेगडी, वर मोठी रजई. तिच्यात पाय खुपसून माणसे बसतात आणि तशीच झोपतात. आम्ही चार दिशांना डोकी करून, पाय मध्ये घालून झोपत असू. कोणी कूस बदलली की रजई ओढली जाई आणि ज्याचा खांदा उघडा पडे तो शिवी देई. बहुधा तो फिटर असे.

शुक्रवारी सुटी. त्या दिवशी हमाम, मग कपडे. धुतलेले धोतर दोरीवर फळीसारखे ताठ होई. फिटर ते काढून दाराला टेकवून उभे करी आणि तांडेलाला म्हणे, "पाव्हणे आलेत, पाणी विचारा." तांडेल हसत नसे. पण धोतर खाली पडू नये म्हणून त्याला हात लावून बघे. दुपारी आम्ही भात शिजवू. घरून आणलेला थोडा उकडा तांदूळ, आमसूल आणि सुके बोंबील तांडेलाने एका पेटीत ठेवले होते. बोंबील भाजले की त्यांचा वास खोलीतच नव्हे तर माडीवर सगळीकडे पसरे. घरमालकाची आई खालून ओरडे. काय म्हणे ते आम्हाला कळत नसे, पण कशाबद्दल म्हणे ते कळे.

या वासाचा पुढच्या गोष्टीशी संबंध आहे. खेडच्या गड्याने गावाहून निघताना ग्रामदेवीच्या देवळाच्या आवारातला जांभ्या दगडाचा एक तुकडा बरोबर आणला होता, नारळाएवढा. तो त्याला गुरवाने, म्हणजे देवीच्या पुजाऱ्याने, दिला होता. परमुलखात देवी जवळ असावी म्हणून. देताना गुरवाने एक अट सांगितली होती: जिथे मासळी शिजेल तिथे ठेवायचा नाही. आमच्या खोलीत मासळी शिजे. म्हणून दगड बाहेर, जिन्याच्या वरच्या उघड्या सज्जात, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला होता. आम्ही आत निखाऱ्यांशी पाय लावून झोपत होतो आणि देवी बाहेर बर्फात होती. यात कोणाला काही वावगे वाटले नव्हते.

दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी खेडच्याचा खोकला वाढला. आधी तो पहाटे खोके, मग जेवताना, मग भट्टीचे दार उघडताना. जिना चढताना तो मध्येच उभा राही आणि भिंतीकडे काही तरी बघत असल्यासारखे करी. कारखान्यात एक तुर्की डॉक्टर आठवड्यातून एकदा येई. त्याच्याकडे मी त्याला घेऊन गेलो. डॉक्टरने पाठीला कान लावला, बोटांनी ठोकले, आणि दुभाष्यामार्फत सांगितले की या माणसाने हा हिवाळा इथे काढू नये. खिंड बंद होण्याआधी त्याला खाली, गरम मुलखात धाडा.

"न्हाय ग्येलो तर?" खेडच्याने विचारले.

दुभाष्याने ते विचारलेच नाही. डॉक्टर हात धुवायला गेला होता.

काबूलहून पेशावरची वाट तेव्हा लताबंदच्या खिंडीतून जाई. तिथे मोठा बर्फ पडला की लॉऱ्या थांबत. खिंडीपलीकडे जलालाबाद. तिथे थंडीतही नारिंगे पिकतात. तिथवर पोचले की माणूस वाचला, असे सगळे म्हणत. एक शीख ड्रायव्हर सुकामेवा घेऊन खाली निघणार होता. घरमालकाने त्याला सांगून लाकडी खोक्यांमध्ये एका माणसाची जागा ठेवायला लावली. इंजिनियरनेही रजा दिली. सगळे जुळून आले होते. अडला तो खेडचाच.

"मी येताना कौल लावून आलो," तो म्हणाला. "देवीनं उजवी दिली, तवा आलो. आता जायाचं तर तिला इचाराया लागंल."

कौल म्हणजे देवाला प्रश्न विचारण्याची आमच्याकडची रीत. गुरव स्नान करून ओलेत्याने देवाच्या अंगावर, डाव्या आणि उजव्या बाजूला, भिजवलेल्या फुलांच्या कळ्या किंवा तांदूळ लावतो. मग गाऱ्हाणे घालतो, म्हणजे सगळ्यांसमक्ष मोठ्याने विनवणी करतो. जमलेले लोक प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. उजवीकडचा दाणा आधी पडला तर देवाचा होकार, डावीकडचा पडला तर नकार. देव पुरुष असो वा देवी, गाऱ्हाण्यात तो महाराजाच. लग्न, घर, विहीर, भाऊबंदकी, सगळे या दोन दाण्यांवर ठरते. गावचा माणूस कौल मोडून परगावी गेला आणि त्याचे काही बरेवाईट झाले तर दोष त्याचा.

"अरे, हितं गुरव कुठाय?" फिटर म्हणाला.

"तांडेलमामा हाईत. दर्याला गाऱ्हानं घालतात, तर देवीला घालतील."

तांडेलाने डोके खाजवले. नारळी पौर्णिमेला तो खाडीवर गाऱ्हाणे घाली, हे खरे होते. "मी खलाटीचा," तो म्हणाला, "समुद्राकडचा माणूस. तुज्या वलाटीच्या डोंगरातली देवी माझं ऐकंल काय?"

"ऐकंल. दुसरं हाय कोन?"

तेव्हा काबूलला फुले नव्हती. उकड्या तांदळाची पुरचुंडी सोडली. पहाटे तांडेलाने बादलीतला बर्फाचा पापुद्रा फोडून अंगावर दोन तांबे घेतले, पंचा नेसला आणि दात वाजवीत सज्जात उभा राहिला. आम्ही तिघे घोंगड्या गुंडाळून मागे. त्याने दगडावर पाणी शिंपडले, एक दाणा डावीकडे लावला, एक उजवीकडे, आणि बोटीवर इंजिनच्या आवाजावर चढवायचा तो आवाज काढला.

"बा देवी म्हाराजा! डोंगराच्या पोटातली, पान्याच्या तोंडावरची, आमच्या गुराढोरांची, लेकराबाळांची तू राखनदार!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझं लेकरू मुलूख सोडून आलं. त्याच्या छातीत धूर भरला. त्याला घराची वाट धरायची हाय!"

"व्हय म्हाराजा!"

"जा म्हनशील तर उजवी दे. ऱ्हा म्हनशील तर डावी दे. पर आडवं बोलू नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

खालून घरमालकाच्या आईने काही तरी विचारले. आम्ही दाण्यांकडे बघत राहिलो. जांभा दगड भोकाभोकांचा असतो, पाणी पिऊन घेतो. ते पाणी त्या थंडीत डोळ्यांदेखत पांढरे झाले. दाणे दगडाशी जडले. तांडेलाची पाठ निळसर पडू लागली तेव्हा फिटरने त्याच्यावर घोंगडी टाकली आणि त्याला आत ओढले.

"देवी बोलली न्हाय," खेडचा म्हणाला.

"देवी काय बोलणार? पाणी गोठलंय," फिटर म्हणाला. "उद्या मी बॉयलरचा बोल्ट चिकटवून दाखवतो त्या दगडाला. तोही पडणार नाही."

"तुला देवीचा काय इचार? तू गिरनीतला."

"गिरणीत थंडी नसते म्हणून मला कळत नाही होय?"

"गप ऱ्हावा दोघं," तांडेल निखाऱ्यांवर हात धरीत म्हणाला.

फिटरने दगड आत, संदलीजवळ आणायला सुचवले. खेडच्याने मान हलवली. आत बोंबील शिजले होते, भिंतींना वास होता, गुरवाची अट होती. बरे, मग ऊन पाणी वापरू. दुसऱ्या पहाटे आम्ही कढत पाणी घेऊन गेलो. दगडातून वाफ निघाली, दाणे क्षणभर हलल्यासारखे वाटले, खेडचा पुढे सरकला. मग वाफ विरली, आणि ऊन पाण्याचा काचेसारखा थर दाण्यांवर बसला. ते आदल्या दिवसापेक्षा घट्ट झाले. हे असे का होते ते मी पुढे एका मासिकात वाचले. त्या दिवशी ते आम्हाला फक्त दिसले.

तांडेलाने पुन्हा गाऱ्हाणे घातले. आमचे 'व्हय म्हाराजा' आता बारीक निघत होते. पाळीहून आल्यावर झोपायचे ते आम्ही सज्जात उभे राहत होतो. दाणे पडले नाहीत.

खेडच्याने त्याचा अर्थ लावून टाकला. "ती रुसली," तो जेवताना म्हणाला. "मी मुलूख सोडून लई लांब आलो. हितनं तिला ऐकू जात न्हाय, न्हाय तर ती मला वळखत न्हाय. आता मी हितंच."

फिटरने हातातली भाकर खाली ठेवली. तिकडे तंदूरची मोठी रोटी मिळे, आम्ही तिला भाकरच म्हणत असू. "मर मग हितंच," तो म्हणाला. "दगडाशेजारी कोनाड्यात बस. तुझ्यावर पण दाणे लावू."

खेडचा खोकत उठला आणि बाहेर गेला. बराच वेळ तो आत आला नाही. तांडेलाने फिटरला एवढेच म्हटले, "तुझ्या तोंडाला बूच नाय." मग आपल्या पायाची भेगाळलेली टाच दाबीत बसला. तांडेल तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता. त्या आठवड्यात खेडच्याची पाळीही तोच ओढत होता.

संध्याकाळी शीख ड्रायव्हर स्वतः आला. खिंडीकडून ढग येत होते. तो म्हणाला, उद्या सकाळी निघणार, यायचे असेल तर या, नाहीतर त्या जागेवर अक्रोडाचे पोते जाईल. त्याला घाई होती. जिन्यावर उभा राहूनच तो बोलला आणि गेला.

पहाटे तांडेलाने सगळ्यांना उठवले. पुन्हा बादली फोडली, पुन्हा पंचा. जुने दाणे त्याने चाकूच्या टोकाने सोडवले, दगड पुसला, नवे लावले. पाणी सढळ शिंपडले. मग तो थांबला. आम्हाला वाटले थंडीने थांबला. तो दगडाकडे बघत होता, पाणी पांढरे होईपर्यंत. नंतर त्याने आवाज काढला.

"बा देवी म्हाराजा! आज तिसऱ्यांदा तुझ्या दारात उभे हाव!"

"व्हय म्हाराजा!"

"तू बोलत नायस. नको बोलू! तुझी मर्जी!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकराची वाट तुला अडवायची असंल, तर आत्ता, ह्या घडीला, डावी टाक! डावी टाकलीस तर तो हालनार नाय. नाय टाकलीस, तर तुझा हुकूम झाला असं समजून तो वाटेला लागंल, म्हाराजा!"

आम्ही तिघेही 'व्हय' म्हणायचे विसरलो. गावी कौल असा मागत नाहीत. देवाने बोलावे म्हणून दाणा लावतात. न बोलण्यावर कोणी हुकूम घेत नाही. फिटरने माझ्याकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली. मग तोच सगळ्यांत मोठ्याने ओरडला, "व्हय म्हाराजा!" आम्हीही म्हणालो. खेडच्याने सर्वांत शेवटी म्हटले.

तांडेल डाव्या दाण्याकडे बोट करून उभा राहिला. खाली गल्लीत एक गाढववाला लाकडे घेऊन ओरडत जात होता. तो वळणापलीकडे जाईपर्यंत तांडेल तसाच उभा होता. पंच्याची किनार कडक झाली होती.

"पडली?" त्याने विचारले.

"न्हाय," खेडचा म्हणाला.

"मग चल. पेटी बांध."

खेडचा तिथेच उभा राहिला. आता तो नाही म्हणणार, असे मला वाटले. त्याने एकदा दगडाकडे पाहिले, एकदा तांडेलाच्या थरथरणाऱ्या पोटऱ्यांकडे. मग दगडाला हात जोडले आणि आत गेला. त्याची पेटी फिटरने आधीच बांधून ठेवली होती.

लॉरी सराईसमोर उभी होती. खोक्यांच्या मध्ये आम्ही त्याला घोंगड्यांत गुंडाळून बसवले. तांडेलाने आपला मेंढीच्या कातड्याचा कोट, ज्याला तिकडे पोस्तीन म्हणतात, काढून त्याच्या अंगावर घातला. "जलालाबादेत उकडंल तवा ड्रायव्हरला दे. तो येताना घेऊन येईल," तो म्हणाला. खेडच्याने त्याचे पाय धरायला हात खाली केला, पण खोक्यांमुळे पोचला नाही. फिटर म्हणाला, "वाटेत झोपू नकोस. अक्रोड मोजत जा." लॉरी सुरू झाली. धूर आमच्या अंगावर आला, आणि आम्ही कारखान्यात गेलो. पाळीची वेळ झाली होती.

त्या दुपारपासून बर्फ पडू लागला. खिंड बंद झाल्याची बातमी आली, पण त्यात कोण अडकले हे कोणाला माहीत नव्हते. रोज छपरावरचा बर्फ लाकडी फावड्याने खाली लोटायचा, नाहीतर मातीची छपरे बसतात. तो गल्लीत इतका साठे की खालच्या मजल्याच्या खिडक्या अंधारत. खेडच्याची जागा भरली गेली नाही. तांडेल आणि एक स्थानिक मजूर भट्टी चालवीत होते. आता संदलीला तीन बाजूंनीच माणसे झोपत आणि चौथ्या बाजूने वारा येई. आम्ही त्या बाजूला पेट्या लावल्या. खिंड उघडली तेव्हा पोस्तीन परत आले. ड्रायव्हरने सांगितले की माणूस पेशावरला गाडीत बसला. पुढचे त्याला ठाऊक नव्हते.

वसंतात सज्जात ऊन येऊ लागले. एका सकाळी कोनाड्याखाली दोन्ही दाणे पडलेले दिसले. आधी कोणता पडला हे बघायला कोणी नव्हते. तांडेलाने ते पाहिले. चिमण्यांनी ते उचलले.

माझा करार त्यानंतरच्या वर्षी संपला. मुंबईहून आगबोटीने मी दाभोळला उतरलो आणि भरतीवर खाडीतून वर जाणाऱ्या होडीने खेडच्या बाजूला गेलो. तांडेलाने मला बजावले होते: "त्याला बघून ये. डोळ्यांनी." होडीतून उतरून पुढे चालत गेलो. हवा दमट होती. तीन हिवाळे कोरड्या थंडीत काढल्यावर त्या हवेत घामाने अंग चिकचिकत होते आणि चालताना थकवा येत होता.

तो अंगणात बसला होता. बांबूच्या बेळांची टोपली विणत होता. बारीक झाला होता, पण जिवंत होता. मला बघून त्याने टोपली खाली ठेवली, उठायला गेला, आणि खोकला आला म्हणून पुन्हा बसला.

"अगं, मास्तर आलं! काबूलचं मास्तर!" त्याने घरात हाक दिली. "पानी आन, गूळ आन!"

त्याच्या बायकोने पाणी आणले. ती मला नीट न्याहाळून बघत होती. "ह्येच काय ते, कौल लावनारं?" तिने विचारले.

"ते न्हवं. ते तांडेलमामा. हे लिवनारं."

"मंग ह्यांना सांगा की काय झालं ते," ती म्हणाली आणि दारात बसली.

झाले होते ते असे. तो गावी पोचला आणि दुसऱ्याच दिवशी देवीला नारळ द्यायला गेला. गुरवाने विचारले, आलास कोणाच्या हुकमाने. याने सगळे सांगितले: जांभ्याचा तुकडा, तांदूळ, न पडलेली डावी. गुरवाने कानांवर हात ठेवले. असला कौल नसतो, तो म्हणाला. चार मानकऱ्यांना बोलावले आणि देवीपुढे नव्याने कळ्या लावल्या: हा आला ते तुला मान्य हाय का, म्हाराजा? डावी पडली. लागलीच पडली. देवीला ते मान्य नव्हते. मग नारळ झाला, कोंबडा झाला, माफी झाली.

"तवापासनं गावात कायबी झालं की आमच्यावर," बायको म्हणाली. "कुनाची म्हस मेली, आमच्यावर. पाऊस उशिरा आला, आमच्यावर. शिमग्याला पालखी आमच्या अंगनात थांबली न्हाय. सगळ्यांच्या थांबली."

"एवडं काय न्हाय," तो म्हणाला.

"एवडं काय न्हाय कसं? मी रांगोळी घातलंली. तशीच ऱ्हायली."

ती उठून आत गेली. आतून भांडी जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. तो टोपली पुन्हा हातात घेऊन बसला, पण विणीत नव्हता.

"मास्तर, ह्ये मामांना सांगू नका," तो म्हणाला.

"नाही सांगत."

"त्यांना वाटंल, आपन केलं ते वाया ग्येलं."

"तुला तेव्हा काही वाटलं नाही?" मी विचारले. "त्यांनी प्रश्न उलटा घातला तेव्हा?"

"वाटलं की. बोलता बोलताच कळलं मला. असा कौल आसतो व्हय? फिटरला सुदा कळलं. तो बगा कसा वरडला." तो हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबेपर्यंत मी अंगणातल्या फणसाकडे बघत बसलो.

"मग गेलास कसा?"

"मला घरी यायाचं व्हतं, मास्तर." त्याने बेळाचे टोक बोटावर गुंडाळले. "पयल्या दिसापासनं यायाचं व्हतं. डागदरानं सांगाया नको. पर मी सोताहून आलो आसं गावाला सांगू कसा? परमुलकातनं हात हालवीत आलेला मानूस काय तोंड दाखवनार? कुनी तरी 'जा' म्हनाया पायजे व्हतं. देवी म्हनंना. मामांनी म्हनून टाकलं. तेवडं पुरं झालं."

"आणि आता?"

"आता काय. देवीनं न्हाय म्हटलं. तवर मी घरी पोचलंलो."

भरतीची वेळ साधायची म्हणून मी उठलो. तो मला पोचवायला निघाला. बायको आतून म्हणाली, "लांब जाऊ नका, बांदापातूरच जावा." आम्ही बांधाने चालू लागलो. खाचरे नांगरून झाली होती, दुसऱ्या कोणी तरी नांगरली होती. दोन खाचरे ओलांडल्यावर तो उभा राहिला, गुडघ्यांवर हात ठेवले आणि श्वास मिळवला.

"जावा," तो म्हणाला. "मी बसतो हितं वाईच."

मी थोडे पुढे जाऊन मागे पाहिले. तो बांधावर बसला होता आणि घराकडे तोंड करून हळूहळू श्वास घेत होता.